रेघ नेमकी कुठे संपते: ‘जाळं’ खेळाच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

खेळाचं तात्पुरतं नाव ‘जाळं’. ठिपके, त्यांना जोडणाऱ्या रेघा, मागे चौकटींचं अस्तर, काही पातळ्यांत षटकोनी फरशा. एकही चित्रफाईल नाही, सगळं इंजिनानेच रेखायचं. चित्रं नाहीत म्हणजे काम सोपं, असा माझा समज होता. इंजिन, म्हणजे खेळ चालवणारा मूळ प्रोग्राम, माझंच आहे, ओपनजीएल या ग्राफिक्स कार्डाशी बोलायच्या मानकावर हळूहळू उभं केलेलं, त्यामुळे बोट दाखवायला दुसरं कुणी नाही.

आज मागची जाळी काढली. दर ३२ एककांवर एक रेघ, जाडी १ एकक. झूम १ वर ठीक दिसली. मग झूम १.३ करून बहिणीला दाखवली. रंग आणि कोड्यांची मांडणी तिच्याकडे आहे. ती म्हणाली, “दादा, दर पाचवी रेघ जाड केलीस ते छान झालं. आलेखाच्या वहीसारखं दिसतंय.”

मी तसं काहीच केलं नव्हतं.

रात्री कागदावर मांडून पाहिलं. १.३ झूमला ३२ एककांचे ४१.६ पिक्सेल होतात आणि रेघेची जाडी १.३ पिक्सेल. अँटी-अलियासिंग (कडा मऊ करण्याची सोय) बंद असताना ग्राफिक्स कार्ड प्रत्येक पिक्सेलबाबत एकच गोष्ट बघतं: याचा मध्यबिंदू आकाराच्या आत पडतो का? पडला तर पूर्ण रंग, नाहीतर काहीच नाही. हा मध्य पूर्णांकावर नसून अर्ध्यावर असतो, म्हणजे पहिल्या पिक्सेलचा ०.५, दुसऱ्याचा १.५. आता १.३ रुंदीची पट्टी कधी एका मध्यबिंदूवरून जाते, कधी दोन. ४१.६ ची पाच पावलं बरोबर २०८ होतात, म्हणून दर पाच रेघांनी तीच स्थिती फिरून येते, आणि त्या पाचांतली एकच रेघ दोन मध्यबिंदू पकडते. हिशोब चोख जुळला. चूक इतकी शिस्तीत वागते की ती मुद्दाम केलेली वाटावी!

(मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डायरेक्टथ्रीडी ९ या ग्राफिक्स प्रणालीमध्ये पिक्सेलचा मध्य पूर्णांकावर धरत. त्या काळचं एखादं उदाहरण तसंच उचललं की अर्ध्या पिक्सेलचा घोळ हमखास होतो.)

५ जानेवारी

जाळीपुरता उपाय सरळ आहे. रेघेची जाडी आधी स्क्रीनच्या पिक्सेलमध्ये काढायची, पूर्णांकाला आणायची, पण १ च्या खाली जाऊ द्यायची नाही. मग डावी कड पूर्णांकावर बसवायची. जाडी सम असो की विषम, कड पूर्णांकावर असली की झालं. मध्यरेषा बसवायला गेलो तर १ पिक्सेलची रेघ दोन पिक्सेलांच्या मध्ये अडकते.

आता दोन रेघांमधलं अंतर ४१.६ ऐवजी कुठे ४१, कुठे ४२ पडतं. मी डोळे ताणून पाहिलं, फरक कळत नाही. अंतरातला एका पिक्सेलचा फरक डोळा माफ करतो, जाडीतला करत नाही.

६ जानेवारी

आजचा दिवस वाया गेला आणि दोष माझाच.

लॅपटॉपवर सगळंच धूसर दिसत होतं. जाळी, ठिपके, अक्षरं, सगळं. मी दुपारपर्यंत पूर्णांकाला आणण्याचं गणित तपासत बसलो. शेवटी एक स्क्रीनशॉट काढला आणि आठपट मोठा करून पाहिला: काल पूर्णांकावर बसवलेल्या रेघांच्याही दोन्ही बाजूंना करडे पिक्सेल. माझ्या हिशोबात तिथे करडं असूच शकत नव्हतं. म्हणजे माझ्या हातून चित्र गेल्यावर कुणीतरी ते ताणत होतं.

ऑपरेटिंग सिस्टिमचं डिस्प्ले स्केलिंग १५० टक्के होतं. मी १२८० बाय ७२० ची खिडकी मागत होतो आणि तेवढाच फ्रेमबफर, म्हणजे चित्राचे पिक्सेल ठेवायची जागा, भरत होतो. स्क्रीनवर त्या खिडकीची जागा प्रत्यक्षात १९२० बाय १०८० पिक्सेल. मधली ताणाताणी सिस्टिम करत होती. आता खिडकीचं माप आणि फ्रेमबफरचं माप वेगवेगळं विचारतो, आणि रेखाटनाचा सगळा हिशोब फ्रेमबफरच्या पिक्सेलमध्येच. माऊसचे निर्देशांकही त्याच गुणकाने गुणावे लागले, नाहीतर क्लिक भलत्याच ठिपक्यावर पडत होती.

यापुढे ‘धूसर दिसतंय’ अशी तक्रार आली की आधी हे बघायचं, शेडर (ग्राफिक्स कार्डावर चालणारा छोटा प्रोग्राम) नंतर उघडायचं.

८ जानेवारी

ठिपके. आजवर वर्तुळ म्हणजे त्रिकोणांचा पंखा: केंद्र आणि परिघावरचे काही बिंदू. किती बिंदू घ्यायचे, हे मी अंदाजाने ३२ ठेवलं होतं. खरं तर याचं सूत्र आहे. दोन बिंदूंमधली सरळ बाजू खऱ्या कमानीपासून जास्तीत जास्त जेवढी आत जाते ती चूक धरायची आणि ती पाव पिक्सेलच्या आत ठेवायची. त्या हिशोबाने १० पिक्सेल त्रिज्येला १५ बाजू पुरतात, १०० ला ४५ आणि ४०० ला ८९. म्हणजे माझे ३२ छोट्या ठिपक्यांसाठी उधळपट्टी होते आणि मोठ्या वर्तुळासाठी कंजुषी.

पण बाजू कितीही वाढवल्या तरी कड दातेरीच राहते, कारण प्रश्न बाजूंचा नाहीच. पिक्सेल आत की बाहेर, हा निकाल अजून हो किंवा नाही यांतच लागतोय. चारपट एमएसएए, म्हणजे कडा मऊ करायची कार्डातलीच एक पद्धत, चालू केलं. प्रत्येक पिक्सेलमध्ये चार नमुने, म्हणजे कडेला छटा पाचच: शून्य, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण. वर्तुळाच्या माथ्यावर, जिथे कड जवळजवळ आडवी होते, तिथे या पाच पायऱ्या मला मोजता येत होत्या. तिरक्या भागात चांगलं दिसतं. माथ्यावर नाही.

९ जानेवारी

पंखा काढून टाकला. आता प्रत्येक वर्तुळासाठी एक चौकोन काढतो आणि फ्रॅगमेंट शेडरला, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवणाऱ्या शेडरला, विचारतो: हा पिक्सेल कडेपासून किती लांब? केंद्रापासूनचं अंतर वजा त्रिज्या. उत्तर ऋण आलं तर आत, धन आलं तर बाहेर. हेच चिन्हासहित अंतर, एसडीएफ. २००७ च्या सिग्राफ या संगणक-चित्र परिषदेत वाल्व्ह या खेळ-कंपनीच्या ख्रिस ग्रीन यांनी टेक्सचरमध्ये (कार्डात साठवलेल्या चित्रात) असं अंतर साठवून अक्षरं आणि खुणा मोठ्या केल्या तरी रेखीव ठेवण्याची पद्धत मांडली होती. माझे आकार इतके साधे की साठवायचीही गरज नाही, जागच्या जागी काढता येतं.

अंतर हाती आलं की अपारदर्शकता काढायची: ०.५ वजा अंतर, शून्य ते एकच्या मर्यादेत. अंतर पिक्सेलमध्ये. बस्स.

ही ओळ दिसते त्यापेक्षा हुशार आहे. समजा चौकोनाची कड नेमकी पूर्णांकावर आहे. तिला लागून आतल्या पिक्सेलचा मध्य कडेपासून अर्धा पिक्सेल आत, म्हणून उत्तर १. बाहेरच्याचा मध्य अर्धा बाहेर, उत्तर ०. करडा पिक्सेल एकही नाही. तीच कड ०.३ ने सरकली तर एकाच पिक्सेलला मधली छटा मिळते. म्हणजे बसवलेली कड आपोआप धारदार आणि न बसवलेली एका पिक्सेलपुरती मऊ, वेगळी अट घालायची गरज नाही. परवापर्यंत मला वाटत होतं की जाळीसाठी एक पद्धत आणि वर्तुळांसाठी दुसरी ठेवावी लागेल.

आधी मी कुठेतरी पाहिलेलं स्मूथस्टेप हे उतार देणारं फंक्शन वापरत होतो, उणे एक ते अधिक एक. दोन पिक्सेलांचा उतार. दिसायला गुळगुळीत, पण बसवलेला चौकोनही त्याने धूसर होतो. काढून टाकलं.

१० जानेवारी

बहीण: “दादा, ठिपके चारही बाजूंनी तासल्यासारखे का दिसतात?”

आठपट मोठं करून पाहिलं आणि तिचंच खरं निघालं. माथा, तळ, डावी, उजवी, या चार जागी वर्तुळ चपटं. बाकी सगळीकडे कड मऊ, तिथे एकदम सरळ कापलेली. माझा चौकोन त्रिज्येएवढाच होता आणि मऊ कड त्रिज्येच्या बाहेर अर्धा पिक्सेल जाते. तेवढ्या भागात चौकोनच नाही, मग शेडर चालणार कुठे? चौकोन चारही बाजूंनी एक पिक्सेल वाढवला. काम दोन मिनिटांचं. मी मात्र तिने सांगेपर्यंत त्याला माझ्या डोळ्यांचा दोष समजत होतो.

१२ जानेवारी

झूम आणि फिरवणं आल्यावर ‘अंतर पिक्सेलमध्ये’ हे तेवढं सरळ राहत नाही. अंतर आकाराच्या एककात असतं, एका पिक्सेलमागे ते किती बदलतं ते शोधून त्याने भागावं लागतं. त्यासाठी एफविड्थ हे तयार फंक्शन आहे. ग्राफिक्स कार्ड पिक्सेल दोन बाय दोनच्या गटात चालवतं, शेजाऱ्याशी वजाबाकी करून बदलाचा दर देतं.

लावलं. वर्तुळ माथ्यावर छान, पण ४५ अंशांच्या आसपास किंचित मऊ. आधी भास वाटला. मग आठवलं की एफविड्थ आडव्या आणि उभ्या बदलाच्या निरपेक्ष किमतींची नुसती बेरीज करतं. कर्णाच्या दिशेने ही बेरीज खऱ्या लांबीच्या १.४१ पट भरते, म्हणून तिथे कड तेवढीच रुंद. दोन बदल वेगवेगळे घेऊन त्यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढलं आणि मऊपणा सगळीकडे सारखा झाला.

याचा एक फायदा फुकटात पदरात पडला. वर्तुळ एका दिशेने दाबून लंबवर्तुळ केलं की चिन्हासहित अंतर खरं राहत नाही, आणि लंबवर्तुळाचं नेमकं अंतर काढायचं तर चौथ्या घाताचं समीकरण सोडवावं लागतं. पण बदलाच्या दराने भागल्यावर कडेच्या अगदी जवळचं अंतर पुरेसं बरोबर येतं, आणि मला कडेजवळचंच हवंय.

१३ जानेवारी

जुन्या फोनवर चालवून पाहिलं. स्क्रीनच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यातले ठिपके सुरेख, उजवीकडे खाली जावं तसे दातेरी, अगदी टोकाला पार चौकोनी पायऱ्या.

कोपऱ्यापासून जितकं दूर तितकी अवस्था वाईट, म्हणजे आकड्यांची अचूकता. मी फ्रॅगमेंट शेडरमध्ये मीडियमपी, म्हणजे मध्यम अचूकता, लिहिलं होतं. डेस्कटॉपवरची कार्डं ते बहुधा मनावर घेत नाहीत, ३२ बिटांतच काम करतात, म्हणून तिथे सगळं आलबेल. या फोनने ते मनावर घेतलं आणि १६ बिटांत हिशोब केला. १६ बिटांच्या दशांशी संख्येत ५१२ ते १०२४ दरम्यान सर्वांत छोटं पाऊल अर्ध्याचं, १०२४ च्या पुढे एकाचं. पाव पिक्सेलचा हिशोब तिथे मावणार कसा?

दोन बदल केले. निर्देशांक आता स्क्रीनच्या कोपऱ्यापासून न मोजता आकाराच्या केंद्रापासून मोजतो, आणि अंतरासाठी हायपी, म्हणजे जास्त अचूकता. नुसत्या पहिल्या बदलाने छोटे ठिपके सुधारले, पण ४०० त्रिज्येच्या वर्तुळाच्या कडेला पाऊल पाव पिक्सेलचंच राहत होतं.

१५ जानेवारी

रेघा. ओपनजीएलची स्वतःची रेघेची जाडी यंत्रागणिक वेगळी वागते, अनेक ठिकाणी १ च्या पुढे जातच नाही. तिच्या वाटेला गेलो नाही.

रेघ म्हणजे कॅप्सूल: पिक्सेलपासून रेघेवरचा सर्वांत जवळचा बिंदू शोधायचा, तो दोन टोकांच्या बाहेर जाऊ द्यायचा नाही, त्याच्यापासूनचं अंतर वजा अर्धी जाडी. गोल टोकं आपोआप मिळतात आणि दोन रेघा एका बिंदूवर भेटल्या की सांधाही गोल होतो. टोकदार सांधे हवे असते तर निराळीच डोकेदुखी होती. कोन लहान होत जातो तसं टोक लांबत जातं, म्हणून कुठेतरी छाटावं लागतं. एसव्हीजी या चित्रस्वरूपात ही मर्यादा (टोकाची लांबी भागिले जाडी) मुळात ४ आहे, म्हणजे साधारण २९ अंशांच्या खालचे कोन छाटले जातात. बहिणीला गोल सांधेच हवेत. मी पुन्हा विचारलं नाही.

पातळ रेघांचा प्रश्न वेगळा. झूम कमी केला की जाडी ०.४ पिक्सेल होते आणि रेघ तुटक दिसू लागते. तिथे जाडी १ वर रोखली आणि उरलेला फरक अपारदर्शकतेत घातला, ०.४ पिक्सेलची रेघ म्हणजे १ पिक्सेलची ४० टक्के रेघ. रेघ दूर जाताना विरते, तुटत नाही.

१६ जानेवारी

रेघा अर्धपारदर्शक केल्या आणि प्रत्येक सांध्यावर गडद ठिपका उमटला. दोन कॅप्सूल तिथे एकमेकांवर चढतात, रंग दोनदा बसतो.

संपूर्ण मार्ग आधी एका वेगळ्या टेक्सचरवर अपारदर्शक काढायचा आणि मग ते टेक्सचर अर्ध्या अपारदर्शकतेने पडद्यावर टाकायचं, असं ठरवलं. ठिपके गेले, पण रेघांना काळपट कोर आली. कारण टेक्सचरची सुरुवात पारदर्शक काळ्याने होते, आणि कडेच्या मऊ पिक्सेलांत तो काळा रंग मिसळतो. रंग अल्फाने (अपारदर्शकतेने) आधीच गुणून ठेवला तर हा गोंधळ होत नाही. चित्रं एकावर एक बसवण्याबद्दलच्या लेखात पोर्टर आणि डफ यांनी १९८४ मध्येच ते लिहून ठेवलंय. सगळ्या इंजिनाचं ब्लेंडिंग (रंग मिसळणं) आज तसं केलं. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं, सतरा ठिकाणी बदल करावे लागले.

१९ जानेवारी

षटकोनी फरशा. शेजारशेजारच्या दोन फरशांमध्ये केसाएवढी पार्श्वभूमी डोकावते. गणिताने त्यांची कड एकच आहे, फट नाहीच. तरी दिसते.

कड पिक्सेलच्या मधोमध जाते असं धरू. पहिली फरशी तो पिक्सेल अर्धा झाकते, पार्श्वभूमी ५० टक्के उरते. दुसरी त्याच पिक्सेलवर पुन्हा ५० टक्के बसते, पण ती उरलेल्याचा अर्धाच भाग झाकते. २५ टक्के पार्श्वभूमी शिल्लक. दोन अर्ध्यांचा एक पूर्ण होत नाही, कारण कोणता अर्धा भाग झाकला हे कुणी लक्षात ठेवलेलं नसतं. इथे एमएसएए सरस ठरतं. त्यात प्रत्येक नमुना कुणाचा हे वेगळं नोंदलं जातं, फट पडत नाही. ८ तारखेला मी त्याला जरा घाईनेच मोडीत काढलं.

चौकोनी फरशा असत्या तर कडा पूर्णांकावर बसवून प्रश्न मिटला असता. तिरक्या कडांना ती सोय नाही. शेवटी सगळ्या फरशांखाली एकच मोठा आकार फरशीच्या जवळच्या गडद छटेत टाकला. आता डोकावतो तो गडद रंग, आणि तो फरशांमधल्या सांध्यासारखा दिसतो.

२१ जानेवारी

काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघा बारीक दिसतात, पांढऱ्यावर काळ्या जाड. जाडी एकच, कोड एकच.

अर्धा झाकलेला पांढरा पिक्सेल मी २५५ पैकी १२८ या किमतीचा लिहीत होतो. एसआरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या नेहमीच्या रंगपद्धतीत, १२८ म्हणजे पूर्ण पांढऱ्याच्या अर्धा प्रकाश नव्हे, सुमारे २२ टक्केच. अर्ध्या प्रकाशासाठी किंमत १८८ च्या आसपास हवी. म्हणून काळ्यावर पांढरी कड आतून खाल्ल्यासारखी होते. फ्रेमबफरचं एसआरजीबी रूपांतर चालू केलं, मिसळण रेषीय प्रकाशात, म्हणजे प्रकाशाच्या खऱ्या प्रमाणात, होऊ लागली आणि दोन्ही रेघा जवळजवळ सारख्या दिसू लागल्या.

बहीण भडकली. तिने डोळ्यांनी जुळवलेले सगळे अर्धपारदर्शक थर उजळ झाले होते. तिची दोन संध्याकाळची मेहनत. “आधी सांगायचंस तरी!” हे तिचं म्हणणं रास्तच. तडजोड अशी: आकारांच्या कडा रेषीय प्रकाशात, तिचे थर जुन्या पद्धतीने वेगळ्या टप्प्यात. तत्त्वाला धरून नाही, पण खेळ तिचाही आहे.

२४ जानेवारी

हलणारे ठिपके पूर्णांकावर बसवत होतो, कारण बसवलेलं रेखीव दिसतं. चूक. फ्रेममागे ०.३ पिक्सेल सरकणारा ठिपका तीन-चार फ्रेम जागेवर थांबतो आणि मग टुणकन उडी मारतो. घड्याळाच्या सेकंदकाट्यासारखा. न बसवता सोडला तर कड प्रत्येक फ्रेमला थोडी बदलते, पण चालताना ते कुणाला दिसत नाही.

मग नवीन खोड: थांबल्यावर बसवायला गेलो तर अर्ध्या पिक्सेलची ती शेवटची उडी नेमकी दिसते. नजर तेव्हा त्याच ठिपक्यावर असते ना. आता मुक्कामाचं ठिकाणच आधी पूर्णांकावर आणतो आणि वेग कमी होत जाणारी हालचाल तिथेच संपवतो. कॅमेऱ्यालाही हाच नियम. तो सरकताना जाळीच्या रेघा मऊ, थांबला की धारदार.

२५ जानेवारी

सगळे आकार एकाच ड्रॉ कॉलमध्ये (कार्डाला एकदाच हुकूम), इन्स्टन्सिंगने (एकच आकार अनेकदा काढून). विशेष काही नाही. मोठ्या पोकळ कड्यांसाठी आतला रिकामा भागही शेडर रंगवत बसतं, ते जुन्या फोनला जाणवेल. सध्या तशी कडी तीनच आहेत.

२७ जानेवारी

फोन, लॅपटॉप, मोठा मॉनिटर, तिन्हीवर शेजारी शेजारी लावून पाहिलं. झूम १, १.३, २.७. आठपट मोठं करूनही जाळीत करडा पिक्सेल नाही, ठिपके सगळीकडून सारखे गोल. बहिणीने बराच वेळ निरखून पाहिलं.

“दादा, ती दर पाचवी जाड रेघ कुठे गेली?”

सांगितलं, ती चूक होती, पहिल्याच आठवड्यात काढली.

“अरे, मी सगळी कोडी तिच्यावरून मोजून मांडली होती. परत आण ना.”

आणली. रेघेच्या क्रमांकाला पाचाने भाग गेला तर जाडी २ पिक्सेल, नाहीतर १. या वेळी सगळ्या झूमवर पाचवीच येते.